बोल्ट कुणाच्या हातात

"बाई, आता तुमच्यापासून काय लपवायचं," मुद्देमालाच्या खोलीचा कारकून म्हणाला. जाळीच्या खिडकीतून त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि आवाज खाली आणला. "तुमच्या रायफलीचा बोल्ट आमच्याकडून हरवलाय."

मी काहीच बोलले नाही. वर्षभर या जाळीसमोर उभी राहून मी इतकं बोलले होते, इतकं भांडले होते, एकदा तर याच्या साहेबाच्या टेबलावर हात आपटला होता, की माझं गप्प होणं बघून तो आणखीच घाबरला. त्याने पाण्याचा पेला जाळीखालून पुढे सरकवला आणि जे इतके दिवस पोटात ठेवलं होतं ते सगळं ओकून टाकलं. कोर्टाने जप्तीची वस्तू परत द्यायचा हुकूम केला की आधी तपासनीस ती बघतो. त्या तपासनिसाने लिहून दिलं होतं, रायफलीत बोल्ट नाही. तेव्हापासून याने खोली पालथी घातली होती. जप्त केलेल्या सायकली हलवल्या, शिलाईची यंत्रं हलवली, दोन भावांच्या भांडणात अडकून पडलेला एक पियानो हलवला आणि त्यात कंबर लचकवून घेतली. "उंदरांनी नेला असं तर लिहून देता येत नाही ना, बाई? लोखंड आहे ते." निवृत्ती तोंडावर आली होती. बंदुकीचा भाग हरवला म्हणजे चौकशी आलीच. म्हणून तो मला आज साहेब नाहीत, उद्या किल्ली नाही, परवा शिक्का नाही असं करत टोलवत होता, आणि मी घरी जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागून आत सरकणारा वीतभर लांबीचा पोलादी दांडा. तो असला तर रायफल ही रायफल. नसला तर लाकडात बसवलेली एक नळी, काठीपेक्षा जरा जड. ज्या बोल्टसाठी हा माणूस जीव टांगणीला लावून बसला होता तो या इमारतीत कधी आलाच नव्हता. तो माझ्या कामाच्या जागी, प्लास्टरच्या एका जुन्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून सुखाने पडला होता. तेवढं एक वाक्य मी बोलले असते तर त्या बिचाऱ्याची कंबरसुद्धा बरी झाली असती. वाक्य ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायले आणि ते पाण्याबरोबर खाली ढकललं.

"एक मार्ग आहे," कारकून म्हणाला. "जप्ती तुमच्या मिस्टरांकडून झाली. त्यांनी इथं समोर येऊन जबाब द्यायचा, की जप्तीच्या वेळीच तिच्यात बोल्ट नव्हता. खोटं आहे, मला कळतंय. देवाची शपथ, आजवर कुणाला खोटं लिहायला सांगितलं नाही. पण एवढी एक सही मिळवून द्या बाई, रायफल त्याच क्षणी तुमच्या हातात देतो." आणि त्याने खरोखर हात जोडले.

मी माझ्या जागेवर परत आले. मी कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, साचे काढते, मेणात दात बसवते. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्ही एकमेकांवर नीट टेकले पाहिजेत. केसाएवढा फरक पडला तरी म्हातारी माणसं जेवताना रडतात. त्या दुपारी मी एका बाईंचे दात रचायला घेतले आणि पुढचा एक सारखा वाकडा बसत होता. मी मेण तापवायची, दात उचलायची, पुन्हा टेकवायची, आणि डोक्यात तोच जबाब फिरत होता. काय मजा आहे बघा. कारकुनाला वाटत होतं तो खोटं मागतोय. माझा नवरा सही करील तर खोटं म्हणूनच करील. आणि त्या कागदावरचा शब्दन् शब्द खरा असणार, हे आम्हां तिघांत फक्त मला ठाऊक. मला एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. वर्षभर गप्प बसले, त्यात आणखी एक सकाळ. मी उठून डबा उघडला. फडक्यातून तेलाचा वास आला आणि त्या वासाबरोबर बाबा आले, ते नेहमी तसेच येतात.

बाबा सुतार होते आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाज. रायफलीचा दस्ता त्यांनी माझ्यासाठी घडवला, मी कॉलेजात जायला लागले तेव्हा. अक्रोडाचं लाकूड. मला जमिनीवर पालथी झोपवायचे, दस्ता गालाशी लावायचा, मग पेन्सिलीने खूण करायची, मग घासायचा, पुन्हा गालाशी. "गाल हसला पाहिजे," म्हणायचे. "दाबला गेला तर नेम चुकला." माझा गाल पुढे भरला, मग उतरला, आता तर हाड लागतं, तरी ती जागा मला अजून बरोबर बसते. आणि त्यांचा एक दंडक होता. बोल्ट आणि रायफल एका छपराखाली झोपणार नाहीत. नेता-आणताना एका माणसाच्या हातात दोन्ही असणार नाहीत. रेंजवर जाताना ते रायफल घ्यायचे आणि बोल्ट माझ्या दप्तरात. आई थट्टा करायची, "बापलेक निघाले, एकाकडे कुलूप, एकाकडे किल्ली." बाबा गेल्यावर मी ते पाळलं ते काही शहाणपणाने नव्हे. निव्वळ हट्टाने, माणसं बापाचं घड्याळ बंद पडलं तरी मनगटावर ठेवतात तसं. रायफल घरी कपाटात, बोल्ट इथं डब्यात.

हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. त्याला त्या वस्तूत काडीचा रस नव्हता. मी तेल घालायला बसले की हा खिडकी उघडून उभा राहायचा. तो रेडिओवर बातम्या वाचायचा. दुकानात नुसतं "साखर द्या" म्हणाला तरी दुकानदार मान वर करून बघायचा, असा आवाज. मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, हा वाचला, आवाज गेला. उरली ती एक खरखर, तीतून शब्द वेचून घ्यावे लागत. पहिले काही महिने तो लिहून बोलायचा, मग तेही सोडलं. मी कामावर जायची, परत यायची, तो त्याच खुर्चीत असायचा. मला वाटायचं, वेळ लागतो. सगळे तसंच म्हणत होते.

मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू इस्त्री मागायला वर आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत हा जेवणाच्या टेबलाशी बसलेला, रायफल हातात, आणि ती कशी धरली होती ते बघून काकूंनी तोंडातून आवाजही काढला नाही. मागच्या मागे जिना उतरल्या आणि पोलिसांना फोन केला. दुसऱ्या दिवशी माझी स्पर्धा म्हणून गोळ्या मी घरी आणून ठेवलेल्या होत्या. त्याने त्या भरल्या होत्या, तेवढं पोलिसांनी लिहिलं. मागचं भोक रिकामं आहे हे ना त्याला कळलं ना घाईत त्यांना. पण ते आत शिरले तेव्हा रायफल टेबलावर होती. तेलाचा डाग पडू नये म्हणून तिच्याखाली त्याने वर्तमानपत्र घातलं होतं. आणि हा मोरीत साबणाने हात धूत होता.

इस्पितळात त्याच्या मनाच्या डॉक्टरीण बाईंशी तो कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बोलला. "चापावर बोट होतं," म्हणाला. "मग काढलं. मीच काढलं. मीच खाली ठेवली." मी शेजारी बसले होते. मला केवढा आनंद झाला होता मनातून, की मी या दोघांना आता सांगते, घाबरू नका, तिच्यात बोल्टच नव्हता, काही होणारच नव्हतं. बाईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "हे त्यांचं वाक्य कुणीही त्यांच्याकडून काढून घेऊ नका. पुढचं सगळं आपण याच्यावर उभं करणार आहोत." मी तोंड मिटलं. आणि खरंच उभं राहिलं. हा फिरायला जायला लागला. पोटातून श्वास घेऊन बोलायचं शिकला. दिवस वाईट उगवला की बूट घालताना स्वतःशीच म्हणतो, "ती खाली ठेवता आली, मग हेही जमेल." मी स्वैपाकघरातून ऐकते आणि मनात म्हणते, काय खाली ठेवलंस तू? काठी ठेवलीस. हे त्याला कळलं तर सगळं वर्ष काठीला टांगलेलं आहे असं त्याला वाटेल, आणि मग पुढच्या वाईट दिवशी तो बूट घालताना काय म्हणेल?

मग रायफलीचा नाद सोडायचा होता, असं तुम्ही म्हणाल. माझी बहीण म्हणतेच. "अगं, असली वस्तू परत कशाला आणायची? गेली ती पीडा गेली." सगळ्यांचं तेच. मी काही ऐकलं नाही. कोर्टात गेले, वकिलाच्या मागे लागले, न्यायाधीशांना सांगितलं की ती घरी आणणार नाही, नेमबाजीच्या क्लबच्या तिजोरीत ठेवीन, तसा हुकूम करून घेतला. का, ते मी रोज स्वतःला विचारलं. एक तर ती माझी आहे. क्लबात उसनी रायफल घेते तेव्हा गाल टेकत नाही, आणि गाल टेकला नाही की श्वास थांबत नाही, आणि दोन ठोक्यांच्या मधली ती शांत जागा, जिथं ना इस्पितळ असतं ना खरखर ना डॉक्टर, ती सापडत नाही. मला ती हवी आहे. स्वार्थ म्हणा, मीही म्हणते. पण दुसरंही होतं. मी एकदा जाळीतून पाहिलं होतं तिला. कापडात गुंडाळलेली, दोरी, दोरीवर लाखेचे लाल थेंब, आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर याचं नाव, खाली त्या संध्याकाळची तारीख, त्याच्या खाली गुन्ह्याचं कलम. बाबांनी माझ्या गालासाठी घासलेल्या लाकडावर ती चिठ्ठी लोंबत होती. जोवर ती त्या सायकलींच्या आणि पियानोच्या मधे पडून आहे, तोवर ती संध्याकाळ संपलेली नाही, असं मला वाटायचं. मला ती दोरी तोडायची होती. त्यासाठी आणखी वर्षभर जाळीसमोर उभं राहावं लागलं असतं तरी मी राहिले असते.

संध्याकाळी हा चहा गाळत होता. मी म्हटलं, "अरे, उद्या माझ्याबरोबर यायचंय. तुझी सही लागते."

"कसली?"

"रायफल मिळतेय."

त्याने गाळणी झटकली, धुतली, जागेवर ठेवली. मी घाईघाईने म्हटलं, "घरी नाही आणायची. तिथून तडक क्लबात."

"मी कुठं म्हणालो आणू नको म्हणून?" त्याच्या खरखरीत आता रागलोभ कळायला लागले होते. हा राग नव्हता. "लिहायचं काय आहे?"

"ते कारकून सांगेल," मी म्हटलं आणि कप घेऊन गॅलरीत गेले. दोन घोट घेतल्यावर लक्षात आलं, साखर नाही. आत जाऊन मागायचं धाडस झालं नाही.

सकाळी वाटेत मी कामाच्या जागी डोकावले आणि बोल्ट पर्समध्ये टाकला. बेत पक्का होता. हा सही करील, मी रायफल त्याच्या हातात देईन, बोल्ट माझ्याकडे राहील, म्हणजे वाटेपुरता तरी बाबांचा शब्द राहील. क्लबात तिजोरीपाशी मी एकटी आत जाईन आणि दांडा आत सरकवीन. कुणाला ताकास तूर लागू देणार नाही. पर्स मी काखेत दाबून धरली होती आणि बसमध्ये हा म्हणाला, "एवढी काय पैसेवाल्यासारखी पर्स धरलीस?" मी हसले. ते माझंच हसणं मला ऐकवेना.

कारकून इस्त्रीचा सदरा घालून आला होता. आज त्याने आम्हांला जाळीच्या आत घेतलं, खुर्च्या दिल्या, आणि रायफल आणून टेबलावर ठेवली. लाख फोडून, दोरी सैल करून कापड मागे केलं तसा तो दस्ता दिसला, आणि मला इतकं भरून आलं की मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. हा मात्र थेट तिच्याकडे बघत होता. कान लाल झाले होते, पण बघत होता. कारकुनाने जबाबाचा कागद पुढे केला. याची जुनी सवय, हातात आलेला कागद मोठ्याने वाचायचा. त्याने श्वास घेतला आणि वाचायला लागला. खरखर होती, पण थांबे तेच होते, वाक्याच्या शेवटी आवाज किंचित खाली ठेवायचा तोही तोच. कारकून मान वर करून बघत राहिला.

"साहेब, तुम्ही बातम्या..."

"वाचायचो," हा म्हणाला आणि पुढे गेला. "'जप्तीच्या वेळी सदर रायफलीत बोल्ट नव्हता.'" तिथं थांबला. "हे मला कुठं माहीत आहे?"

"साहेब, नुसतं लिहायचंय," कारकून म्हणाला.

"बोल्ट कसला असतो तेच मला ठाऊक नाही. तो नव्हता हे मी कसं सांगू?"

"ऐक ना," मी म्हटलं, "त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. कर सही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि उद्या तो बोल्ट भलत्याच माणसाच्या हाती लागला तर? यांची नोकरी राहावी असं मलाही वाटतं गं. पण ज्याची खात्री नाही ते मी वाचलंसुद्धा नाही कधी, सही कसली करणार." कागद त्याने हलकेच टेबलावर ठेवला.

कारकून वाद घालणारा माणूस नव्हता. तो "राहू द्या साहेब, तुमचं बरोबर आहे," म्हणाला आणि कापडाचं टोक ओढून रायफलीवर घालू लागला. दस्ता झाकला गेला. त्याने दोरी उचलली. ती पुठ्ठ्याची चिठ्ठी दोरीबरोबर वर आली आणि याच्या नावाची बाजू माझ्याकडे फिरली. मला वाटलं होतं मी विचार करीन, डॉक्टरीण बाई आठवतील. तसं काही झालं नाही. हा माणूस एका न पाहिलेल्या दांड्याबद्दल खोटं बोलायला तयार नव्हता, आणि मी त्याच्याशी वर्षभर त्याच दांड्याबद्दल खोटं वागत आले होते. मला त्या खुर्चीत बसवेना. मी पर्स उघडली, फडकं सोडलं आणि बोल्ट टेबलावर ठेवला.

"हरवलेला नाही," मी कारकुनाला म्हटलं. "माझ्याकडे होता. पहिल्यापासून. नंबर ताडून बघा."

कारकुनाने नंबर बघितला, पुन्हा बघितला, आणि कंबर धरून खाली बसला. हा बोल्टकडे बघत होता. टेबलावर तेलाचा थेंब पसरत होता. त्याने कारकुनाचं वर्तमानपत्र ओढलं, घडी घातली आणि बोल्टच्या खाली सरकवली.

"हा नसला की काय होतं?" त्याने विचारलं.

"उडत नाही."

"त्या दिवशी हा कुठं होता?"

"माझ्या कामाच्या जागी. प्लास्टरच्या डब्यात."

"म्हणजे ती उडालीच नसती."

"नसती."

"तुला माहीत होतं."

"हो."

"म्हणून तू त्या बाईंकडे गेलो की माझ्याकडे बघायची नाहीस," हा म्हणाला. मला वाटत होतं, मी नखाचंही टोक दिसू दिलं नव्हतं. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. ते बोट टेबलाच्या कडेवर होतं आणि जरासं हलत होतं. मी काय केलं हे? एका लाकडाच्या तुकड्यापायी मी माझ्या हाताने याच्या पायाखालची फरशी काढली. मला त्याचा हात धरायचा होता आणि धरवत नव्हता.

"पण मला कुठं माहीत होतं?" तो म्हणाला.

मला कळलं नाही. तो माझ्याकडे वळला, पोटातून श्वास घेतला, आणि त्या खरखरीत जेवढा आवाज होता तेवढा सगळा काढून म्हणाला, "अगं, तुला माहीत होतं. मला नव्हतं माहीत. मी धरली तेव्हा ती उडणार होती. आणि मी खाली ठेवली."

"बरोबर आहे, साहेब," कारकून म्हणाला. त्याला कशातलं काही माहीत नव्हतं. पण त्याने ते इतक्या मनापासून म्हटलं की हा हसला, आणि मग मी रडायला लागले, चांगली नाक शिंकरून रडले, आणि कारकुनाने पुन्हा पाण्याचा पेला पुढे केला.

याने जबाबाचा कागद ओढला. ते वाक्य एका रेघेने खोडलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, जप्तीच्या वेळी रायफलीत बोल्ट नव्हता हे मला आज कळलं. मोठ्याने वाचून दाखवलं, सही केली, तारीख घातली. कारकून म्हणाला, असं चालेल की नाही ते साहेबांना विचारावं लागेल. आत गेला, आणि चालेल म्हणून पळतच परत आला, कंबर विसरून. दोरी तोडायला त्याने कात्री शोधायला घेतली. मी थांबले नाही. दातांचं मेण कापायची माझी छोटी सुरी पर्समध्ये असतेच. चिठ्ठी मी मुठीत चुरगाळली आणि बाहेर पडताना त्याच्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

पायऱ्यांवर ऊन होतं. रायफल खोळीत घालून मी खांद्याला लावली होती, बोल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या हातात. हा एक पायरी खाली थांबला.

"तुझे बाबा काहीतरी म्हणायचे ना? दोन्ही एकाकडे नको म्हणून?"

"तुला कसं माहीत?"

"तुझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. मला वाटायचं, ती थट्टा करतेय," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "मग मी काय घेऊ?"

खांद्यावरून खोळ उतरवून द्यायची, असं मी काल दुपारपासून ठरवलेलं होतं. रायफल त्याच्याकडे, बोल्ट माझ्याकडे. मी त्या हाताकडे पाहिलं, सरळ पुढे आलेला, न हलणारा. मी बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो जरा तोलून पाहिला. मग कोटाच्या आतल्या खिशात, चष्म्याच्या शेजारी ठेवला. "जड आहे गं," म्हणाला आणि खिशाचं बटण लावलं.